किंगरी जागी झाली की

माघ पौर्णिमेच्या आदल्या रात्री तुम्ही कुडव्यात आहात. गोंदिया शहर वाढत वाढत या गावाला येऊन भिडलंय. कुठल्या गल्लीत शहर संपलं आणि कुठे कुडवा सुरू झालं, हे आता इथल्याच माणसाला विचारावं लागतं. तुम्ही बसलाय ते अंगण अर्धं फरशीचं, अर्धं शेणानं सारवलेलं. उद्या पहाटे या घरची माणसं कचारगडच्या जत्रेला निघणार आहेत. दांडीवर पिवळे दुपट्टे वाळताहेत आणि आत शिदोरीचं तळण चाललंय.

फाटक वाजतं आणि बालाघाटकडचा एक म्हातारा परधान आत येतो. अंगात तपकिरी कोट, खांद्यांवर जरा सैल. पाण्याचा गडू पुढे आला तरी तो आधी खांद्यावरची कापडी पिशवी उतरवतो, घोंगडीची चौपदरी घडी घालून भिंतीशी ठेवतो आणि तिच्यावर गजानं वाजवायची किंगरी टेकवतो. मग स्वतः उघड्या जमिनीवर बसतो आणि पाणी पितो.

"जय सेवा, काका," घरधनी म्हणतो.

"जय सेवा, दादा."

तुम्हाला वाटतं, ऐकण्यात चूक झाली. म्हातारा सत्तरीचा, घरधनी जेमतेम पस्तिशीचा. पण चूक झालेली नाही. परधान म्हणजे गोंडांचा धाकटा भाऊ, आणि हे नातं वयावर ठरत नाही. त्याची कथा गावोगाव वेगळी सांगतात, गाभा मात्र एक: सात भाऊ होते. बडादेव रुसून साजाच्या झाडात जाऊन बसला. थोरल्या सहांना त्याला काही केल्या प्रसन्न करता येईना. तेव्हा धाकट्यानं लाकूड कोरलं, त्यावर कातडं चढवलं, तारा ओढल्या आणि झाडाखाली बसून वाजवायला घेतलं. देव ऐकत राहिला. त्या दिवसापासून धाकट्याच्या वंशानं देवासाठी वाजवायचं, गायचं, कुळाची नावं लक्षात ठेवायची. आणि थोरल्यांच्या वंशानं त्याला धान्य, कापड, गाय-गोऱ्हा द्यायचा.

गोंडांच्या धर्मातला सर्वांत मोठा पुजारी कोण, असं कुणी विचारलं तर एका माणसाकडे बोट दाखवता येत नाही. गावच्या देवांचं, शिवारातल्या देवांचं करणारा भुमका. कुळाच्या देवाच्या, पेर्सापेनच्या, वस्तूंना हात लावायचा अधिकार असलेला कतोडा. तिकडे गडचिरोलीच्या माडियांत पेरमा. आणि या सगळ्यांच्या बाजूला, जरा मागे, वाद्य मांडीवर घेऊन बसलेला परधान. बलीचा अधिकार त्याचा नाही, पण आळवणी त्याची. त्यानं नावं घेतली नाहीत तर कतोड्यानं केलेली पूजा कुणापर्यंत पोचायची? मला विचाराल तर या धर्माचं पौरोहित्य दोन माणसांत वाटून दिलंय. हात एकाचा, आठवण दुसऱ्याची.

म्हातारा गजाला राळ लावतो. तुम्ही जरा पुढे सरकून बसा. किंगरीला ताराही तीनच, तबल्या-पेटीसारखा भरघोस आवाज तिचा नाही. माणूस हळू आवाजात रडून मोकळा झाल्यावर जसा बोलतो, तसा तो आवाज.

पहिला गज फिरतो आणि अंगणातला विजेचा दिवा जातो.

तुम्ही 1980च्या दशकात आहात, दरेकशाच्या डोंगरात. हा भाग अजून भंडारा जिल्ह्यात आहे. गोंदिया जिल्हा 1 मे 1999ला व्हायचाय. पायथ्याशी धनेगाव, वर झाडी, आणि झाडीत कचारगडची गुहा. उद्या लाखो माणसं जिथे चढतील, तिथे आज मोजकी माणसं झुडपं बाजूला करत चाललीत. जुन्या गाण्यांतली कचिकोपा लोहागड ही जागा म्हणजे हीच, असं त्यांचं म्हणणं. कची म्हणजे लोखंड. या खटपटीत पुढे असलेलं नाव मोतीरावण कंगाली यांचं. रामटेक तालुक्यात 1949मध्ये जन्मलेला, नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करणारा माणूस. 2015मध्ये जाईपर्यंत गोंडी शब्द, गोत्रं, देवस्थानं, गोंडांचा आद्य गुरू पारी कुपार लिंगो याच्या कथा तो गोळा करत आणि लिहीत राहिला. आपल्याच समाजाची आठवण वेचायला म्हाताऱ्यांच्या दारी जाऊन बसणं, याला मी कुठल्याही विद्यापीठाच्या कामाइतकंच मोठं काम मानतो.

दुसरा गज. आता तुम्ही आणखी मागे.

नागपूर, 1850च्या दशकातलं. भोसल्यांचं राज्य नुकतंच खालसा झालंय किंवा व्हायच्या बेतात आहे. स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश पाद्री 1845पासून इथे आहे. शाळा चालवतो, दगड गोळा करतो, जंगलातल्या लोकांची भाषा विचारतो. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज पुढे ज्याच्या नावानं निघेल, तोच हा. त्याच्या कागदांत एका परधानाच्या तोंडून उतरवलेलं लिंगोचं लांबलचक गाणं आहे. तुम्ही सावलीला उभे राहून बघा: परधान गातो, थांबतो, लिहिणारा गोंडी शब्द कागदावर उतरवतो, मान वर करतो, परधान पुढची ओळ घेतो. परधानाला हे थांबणं जड जातंय. गाणं हे त्याच्या लेखी एका श्वासात वाहणारं पाणी आहे आणि समोरचा माणूस ते ओंजळीओंजळीनं मागतोय. वाद्यावरची बोटं मधूनच हलतात, जणू विसरलेली ओळ डोक्यात नाही, बोटांतच राहते.

लिंगो गोंडांना गुहेतून सोडवायला निघतो. बिंदो पक्ष्याची पिल्लं खाणाऱ्या नागाला मारतो. सुटलेल्यांना कुळांत वाटून देतो, देवाची पूजा शिकवतो. सगळं या एका माणसाच्या डोक्यातून कागदावर येतं. 4 सप्टेंबर 1863ला हिस्लॉप नागपूरजवळच्या पुराच्या नाल्यात घोड्यावरून जाताना बुडाला. कागद उरले. रिचर्ड टेम्पल, मध्य प्रांताचा तेव्हाचा प्रमुख आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर, यानं ते 1866मध्ये छापले. गाणाऱ्या परधानापेक्षा लिहिणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात राहिलं, हे बघून माझ्या पोटात दर वेळी काहीतरी तुटतं.

कंगालींनी मांडलेला लिंगो आणि हिस्लॉपच्या कागदांतला लिंगो यांत पुष्कळ फरक आहे. हिस्लॉपकडे महादेवाचा वावर जास्त, कंगालींकडे लिंगो हा कोया पुनेमचा, म्हणजे गोंडांच्या धर्ममार्गाचा आद्य गुरू. खरं कुठलं, म्हणून घाई करू नका. प्रत्येक परधान आपल्या यजमानाच्या कुळासाठी गातो आणि कुळागणिक कथेची वाट वळते.

तिसऱ्या गजाला साल उरत नाही. रूळ अजून आलेले नाहीत, एवढंच सांगता येईल. पूस महिना, अंगावर काटा आणणारी थंडी, धान कापून झालेल्या बांध्या आणि त्यांच्या पल्याड साजाचं झाड. साजा म्हणजे ऐन; सालीवर चौकोनी भेगा पडलेलं, उंच, रांगडं झाड. पेर्सापेनचा वास यात. चामड्याचे जोडे काढून ठेवा आणि तोंडातून शब्द काढू नका. तुम्ही पाहुणे आहात, इथवर येऊ दिलं हेच खूप.

कतोडा सकाळपासून उपाशी आहे. तो एकटा पुढे जातो आणि झाडात दडवून ठेवलेलं गाठोडं उतरवतो. पांढऱ्या कापडाच्या घड्या सुटतात: लोखंडी भाल्याचं पातं, चवरी, घंटा. मूर्ती नाही, चेहरा नाही. त्या पात्याला आंघोळ घालतात, तेव्हा कतोड्याची बोटं थरथरताना तुम्हाला दिसतात. थंडीनं असतील, भीतीनंही असतील. कुळाचे सगळे मेलेले या देवात जाऊन मिळतात अशी त्यांची श्रद्धा. म्हणजे त्याच्या हातात त्याचा बापही आहे.

परधान वाजवतोय. इथे नुसतं देवाचं गाणं नाही, हजेरी आहे. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे असे गोंडांचे गट. एकाच संख्येच्या देवांचे लोक एकमेकांचे भाऊ, त्यांच्यात सोयरीक नाही. कोण कुणाचा भाऊ, कुणाच्या घरात मुलगी देता येईल, कुळ कुठून निघालं, कुठली नदी ओलांडली, हे सगळं या हजेरीत येतं. कागद नाही. सातबारा नाही, वंशावळ लिहून ठेवणारा भाट नाही. हा माणूस मेला आणि त्याचा मुलगा शिकला नसेल, तर एका कुळाचा धागा तुटला.

आता कोंबडा पुढे आणतात. कतोडा त्याच्यासमोर तांदळाची चिमूट टाकतो. कोंबड्यानं दाणे टिपले तर देवानं स्वीकारलं. नाही टिपले तर काहीतरी चुकलंय.

कोंबडा मान वाकडी करून बघतो. टिपत नाही.

सगळी माणसं श्वास रोखून उभी आहेत. लांब कुठेतरी टिटवी ओरडते. कतोडा दुसरी चिमूट टाकतो, हात जोडतो, काहीतरी पुटपुटतो. कोंबडा एक पाय उचलून तसाच उभा. तेव्हा सगळ्यांच्या नजरा परधानाकडे वळतात. त्यानं गज थांबवलाय, डोळे मिटलेत. ओठ हलताहेत, तो नावं परत मोजतोय, बापाच्या नावावरून आज्याच्या, आज्याच्या नावावरून पणज्याच्या. एका ठिकाणी ओठ थांबतात. मग गज पुन्हा टेकतो, हजेरी दोन पिढ्या मागून सुरू होते, आणि मघाशी न ऐकलेलं एक नाव तुमच्या कानावर येतं. लहानपणीच गेलेला कुणी असेल, दुष्काळात वाट चुकलेला असेल.

कोंबडा खाली वाकतो. टक्, टक्. दाणे संपतात.

माणसांचा श्वास सुटल्याचा आवाज तुम्हाला ऐकू येतो. इथे पौरोहित्य म्हणजे काय, हे मी तुम्हाला पुस्तकातून सांगू शकलो नसतो.

पण याच रात्री मान वळवून मागे बघा. बाया लांब उभ्या आहेत. या पूजेतल्या वस्तू बायकांनी बघायच्या नाहीत, अशी रीत बऱ्याच ठिकाणी होती. ज्या धर्मात काली कंकाली आई आहे, टाकलेल्या पोरांना पोटाशी धरणारी जंगो रायतड आहे, त्याच धर्मात मुख्य क्षणी बाई झाडापासून दूर. मला हे पटत नाही, आणि धर्म आपला वाटतो म्हणून न पटलेलं झाकून ठेवणं बरं नव्हे.

किंगरीचा एक सूर इथे जरा लांबतो, आणि तो तुम्हाला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला नेतो. मणिपूर. एक तळं, काठावर पांढऱ्या वस्त्रांतल्या बाया. लाइ हराओबा, देवांना आनंदवण्याचा मैतेई लोकांचा उत्सव. इथे देवाला पाण्यातून बोलावून आणते ती अमैबी, म्हणजे पुजारीण. अमैबा, म्हणजे पुजारी, तिच्या बरोबरीनं असतो. पण अंगात देव येऊन बोलणारी, नाचून सृष्टीची उत्पत्ती दाखवणारी ती बाई. आणि तिच्या शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात बघा: पेना. नारळाची करवंटी, बांबूची दांडी, घोड्याच्या केसांची एकच तार आणि गज. हे वाजल्याशिवाय तिथलेही देव जागे होत नाहीत. भाषा वेगळी, डोंगर वेगळे, कधी एकमेकांचं नावही न ऐकलेले हे दोन समाज. आणि दोघांनी देवाला उठवायचं काम तारेला दिलं.

अठराव्या शतकात राजा पामहैबानं, म्हणजे गरीब निवाजानं, वैष्णव मार्ग धरला आणि मैतेईंच्या पुया, म्हणजे जुन्या पोथ्या, जाळल्या. तरी धर्म सगळा जळाला नाही. पंडितांची, अमैबींची, पेना वाजवणाऱ्यांची अशी लोइशांग म्हणजे कचेऱ्यांसारखी मंडळं राजवाड्याशी जोडलेली राहिली. तिथल्या पुजाऱ्यांना मागे राजा होता. आपल्या परधानाला मोजकी यजमान घरं, एवढाच आधार. दर दोन-तीन वर्षांनी तो त्या घरी जाणार, गाणार, आणि कुडवानं मोजून धान घेणार. कुडव, कुडो ही धान मोजायची जुनी मापं. कुडव्याचं नाव ऐकलं की मला तेच माप आठवतं.

तुम्ही साजाखाली परत आलात. पूजा झाली, शिजवणं झालं, मोहाची दारू आधी देवाला, मग माणसांना. पंगत बसते. परधान पंगतीत नाही. तो जरा बाजूला, पळसाच्या पानावर जेवतोय. ज्याच्या आवाजावर देव उठला, त्याच्या हातचं गोंड खात नसत. धाकटा भाऊ, पण पान वेगळं. त्याच्या खांद्यावर एक जुनं धोतर आहे. या कुळातला एक म्हातारा पावसाळ्यात गेला, त्याचं ते. मेलेल्याचे कपडे परधानाला द्यायचे, ही रीत. लोक याला कमीपणा समजत आले. मला ते निराळं दिसतं: गेलेल्याचं नाव ज्याच्या जिभेवर राहणार, त्याच्या अंगावर त्याचं वस्त्रही राहू दे.

मराठी मुलखातून गेलेल्या शामराव हिवाळे यांना परधानांची ही उंची आणि हा अपमान दोन्ही दिसले. मानवशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विनसोबत मांडल्याच्या जंगलात वर्षानुवर्षं राहून त्यांनी 1946मध्ये वरच्या नर्मदा खोऱ्यातल्या परधानांवर अख्खं पुस्तक लिहिलं. मराठीत हिवाळ्यांचं नाव फारसं निघत नाही, ते निघायला हवं.

शेवटचा गज लांब आहे. आता काळही नाही. तुम्ही गुहेत आहात.

अंधार, ओल, वटवाघळांचा वास. आत कोंडलेली मुलं, काली कंकालीची. खोड्या फार केल्या म्हणून त्यांना इथे टाकून तोंडाशी शिळा लावलीय. बाहेर आई रडतेय. जंगो रायतड फिरून फिरून दमलीय. लिंगो, सगळं जाणणारा लिंगोसुद्धा एकट्यानं शिळा हलवू शकत नाही. मग बाहेरून सूर येतो. हिरासुका पाटालीर नावाचा गाणारा किंगरी वाजवतोय. मुलं आधी रडायची थांबतात. मग उठतात. एकाचा हात दुसऱ्याच्या हाताला लागतो, अंधारात सगळे एका लयीत ढकलू लागतात. दगड कुरकुरतो, हलतो, उजेडाची पट्टी आत पडते, आणि शिळा गडगडत खाली जाते.

हिरासुका तिच्या वाटेत होता.

मुलं बाहेर येतात, आणि ज्याच्या सुरांनी त्यांना बाहेर काढलं तो दगडाखाली आहे. वाद्याचा शेवटचा सूर अजून हवेत आहे. ती मुलं पुढे लिंगोची शिष्य झाली, त्यांच्यापासून कुळं निघाली, साडेसातशे गोत्रं झाली, असं सांगतात. इतर धर्मांच्या कथांत पुजारी देवाशेजारी उंचावर बसलेला दिसतो. इथला पहिला गाणारा मुलांना सोडवताना चिरडला गेला.

गज थांबतो. दिवा येतो. तुम्ही कुडव्याच्या अंगणात आहात, पाय बधिर झालेत, आणि पूर्वेकडे उजळायला लागलंय. घरातली बाई चहा आणते, एकाच ट्रेमधून, सगळ्यांना सारख्याच कपांत. घरधनी कप घेऊन म्हाताऱ्याच्या शेजारी जमिनीवर टेकतो. कोटाच्या बाहीची सुटलेली शिवण त्याच्या नजरेला पडते. तो ती बोटानं आत दुमडतो आणि हात तिथेच क्षणभर ठेवतो. भिंतीवर त्याच्या वडिलांचा हार घातलेला फोटो आहे. फोटोत तोच तपकिरी कोट, खांद्यांवर नेमका बसलेला.

गोंदिया जंक्शनवर पिवळ्या दुपट्ट्यांची गर्दी लोटलीय. डोंगरगडकडे जाणारी लोकल आली की सगळे एकदम चढतात. तुम्हाला खिडकी मिळते. म्हातारा दारापाशी उभाच आहे, पिशवी छातीशी धरून. तुम्ही सरकता. तो आधी किंगरी बाकावर ठेवतो, मग उरलेल्या जागेत स्वतः बसतो. कुणी कुरकुरत नाही.

गुदमा जातं. घरधन्याचा दहा वर्षांचा मुलगा कधीपासून पिशवीकडे बघतोय.

"मी धरू का जी?"

"धर. पन आधी नावं सांग. बापाचं, आज्याचं, पनज्याचं."

मुलगा बापाचं सांगतो. फोटोतल्या आज्याचं सांगतो. मग बापाकडे बघतो. बापही खिडकीबाहेर बघायला लागतो. म्हातारा पिशवीची नाडी सोडतो, गज काढतो आणि गाडीच्या खडखडाटात एकच तार हळूच छेडून तिसरं नाव सांगतो. मुलगा ते म्हणून बघतो. एकदा चुकतं, दुसऱ्यांदा नीट येतं.

आमगाव सुटतं. धानोली, सालेकसा, मग दरेकसा. मुलगा तिन्ही नावं एका दमात म्हणतो आणि चौथ्यासाठी म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो.